चार पोटांची गाय आणि अकरा घरांची पानं

देवगड तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव न छापण्याची विनंती आहे, म्हणून थोडक्यात देते.

“सहा वर्षांपूर्वी मुंबई सोडून आम्ही सासरच्या घरी राहायला आलो आणि दोन गावठी गायी पाळल्या. वाडीत अकरा घरं आहेत, पण गुरं आता आमच्याच गोठ्यात उरली आहेत. यंदा गौरी-गणपतींच्या विसर्जनाला प्रत्येक घरातून गायीसाठी पान आलं. भात, वडे, खीर, मोदक. धाकटी गाय तांबू, तिने सगळं चाटूनपुसून खाल्लं. रात्री ती रवंथ करेना. सकाळी उठेना. आंबट वासाचं पातळ शेण, डोळे आत गेलेले, दात करकर वाजवत होती. डॉक्टर दोन दिवस येऊन जाऊन होते, म्हणून ती वाचली. आता पितृपक्षातले म्हाळ तोंडावर आहेत. सर्वपित्रीला पुन्हा पानं येणार. सासूबाई म्हणतात, ‘गायीक चार पोटां आसतत, तिका काय होता? इतकी वर्षां घालतंव.’ त्यांच्या मते तिला दृष्ट लागली. नवरा म्हणतो, वाडीशी वाकडं नको. पान परत पाठवलं तर पितरांचा अपमान, घेतलं तर गाय जायची. गाय आजारी आहे असं खोटं सांगू, की महिनाभर माहेरच्या गोठ्यात नेऊन बांधू? आणि कधीच गोडधोड न देता तिला नुसत्या गवत-पेंढ्यावर ठेवणं हा मुक्या जिवावर अन्याय नाही का? त्या दिवशी पानं तिच्यापुढे मीच ठेवली होती. ते डोळ्यांसमोरून जात नाही.”

ताई, तांबू उठली आणि पेंढा खायला लागली, हे पत्राच्या शेवटी वाचलं तेव्हा हायसं वाटलं. मी पशुवैद्य म्हणून किनारपट्टीच्या गावांत बरीच वर्षं काम केलं. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येणारे फोन मला अजून आठवतात. लग्नाच्या मांडवामागचा भात, पूजेचा शिरा, बारशाच्या जेवणातलं उरलेलं, काहीतरी असंच असायचं. अशा प्रत्येक गोठ्यात तुमच्यासारखंच कुणीतरी खांबाला टेकून उभं असायचं आणि म्हणायचं, मीच घातलं हो. त्यांतलं कुणीही निष्काळजी नव्हतं. गायीवर माया होती म्हणूनच पान तिच्यापुढे आलं होतं. तेव्हा हा सल आता बाजूला ठेवा. पुढचं काम महत्त्वाचं आहे.

सासूबाईंच्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण ते अर्धं खरं आहे. गायीच्या पोटाला चार कप्पे असतात. पोट एकच, कप्पे चार: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटचं खरं पोट. आपल्या पोटासारखं आम्ल आणि पाचक रस पाझरणारा कप्पा फक्त शेवटचा, चौथा. म्हणजे आपल्याला जे एक पोट आहे तसं तिलाही एकच आहे. बाकीचे तीन त्याच्या आधी आहेत, आणि ते वेगळ्याच कामासाठी आहेत. चार पोटं म्हणजे चौपट ताकद, हा अर्थ आपण आपल्या मनाने लावला.

सगळा खेळ पहिल्या कप्प्याचा आहे. गायीच्या उदराची जवळजवळ सगळी डावी बाजू कोटीपोटाने भरलेली असते. मोठ्या संकरित गायीच्या कोटीपोटात १०० लिटरहून जास्त मावतं. आपली कोकणातली गाय अंगाने लहान, तिचं त्या मानाने कमी, पण रचना तीच. आतून त्याला जाड टॉवेलासारखी लव असते. या एवढ्या मोठ्या पिशवीत पाचक रसाचा एक थेंबही पाझरत नाही. मग पेंढा पचतो कसा? पेंढ्याचा, गवताचा कणा म्हणजे सेल्युलोज, आणि ते फोडणारं विकर (एन्झाइम) गायीच्या शरीरात तयारच होत नाही, जसं आपल्याही शरीरात होत नाही. ते काम कोटीपोटात राहणारे सूक्ष्मजीव करतात. तिथल्या एका मिलिलिटर पाण्यात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात, शिवाय लाखांनी एकपेशी आदिजीव आणि थोड्या बुरशा. हवा नाही, उबदार अंधार, सतत ढवळणं आणि वरून येणारा चारा, यावर ते जगतात. चारा आंबवून ते जी सौम्य आम्लं तयार करतात, ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात. गायीला लागणाऱ्या ऊर्जेतला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा याच आम्लांचा. दुधातलं लोणीसुद्धा बरंचसं त्यांतूनच येतं. पुढे हेच जीव पाण्याबरोबर वाहत चौथ्या कप्प्यात जातात आणि तिथे स्वतःच पचतात. गायीला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग त्यांच्या शरीरांतूनच येतो.

म्हणून ताई, तुम्ही तांबूपुढे जे ठेवता ते आधी या जिवांच्या पुढे ठेवता. ते जगले तर गाय जगते. त्यांना पेंढ्याची सवय आहे. चारा बदलायचा असेल तर त्यांना दोन-तीन आठवडे द्यावे लागतात, तेवढ्या काळात त्यांच्यातलं कोण वाढायचं, कोण कमी व्हायचं, हे हळूहळू बसतं. एका दुपारी ते होत नाही.

आता विसर्जनाच्या दिवशी काय झालं ते पाहा. पेंढा खाताना गाय तो परत तोंडात आणून एकेक घास चाळीस-पन्नास वेळा चावते, आणि चावताना लाळ सुटते. मोठ्या गायीला दिवसाला १०० लिटरच्या वर लाळ सुटते, आणि त्या लाळेत निसर्गानेच सोडा घातलेला असतो. कोटीपोटातलं आम्ल त्यानेच मारलं जातं. शिजलेला भात, खीर, मोदक यांना चावावंच लागत नाही. ते सरळ खाली जातात, लाळ येत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी आत भाताचं पिष्ट आणि गूळ मिळाल्याने दुधाचं आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात. दही विरजतं तसंच, फक्त फार वेगाने आणि फार मोठ्या प्रमाणावर. आम्लता वाढली की पेंढा पचवणारे जीव मरायला लागतात, कोटीपोटाची हालचाल मंदावते, रवंथ थांबते, आणि रवंथ थांबली की उरलीसुरली लाळही थांबते. घट्ट झालेलं ते आंबट पाणी शरीरातलं पाणी आपल्याकडे ओढून घेतं, म्हणून डोळे आत जातात. तुम्ही लिहिलेलं एकेक लक्षण या साखळीतलं आहे. हे सगळं होईपर्यंत रात्र उलटते, म्हणून दुपारचं पान आणि सकाळचं आजारपण यांचा संबंध कुणाला लागत नाही, आणि दृष्ट लागली असं वाटतं. सासूबाईंनी दृष्ट काढली असेल तर काढू द्या, त्यात गायीचं काही बिघडत नाही. डॉक्टरांना बोलवायला उशीर मात्र होऊ नये. या दुखण्यात पहिले काही तासच हातात असतात.

आणि “इतकी वर्षां घालतंव” याचं काय? मला वाटतं सासूबाई इथे अगदी खरं सांगताहेत, आणि तुम्ही त्यांच्याशी भांडण्याआधी त्यांना एक प्रश्न विचारावा. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा वाडीत किती गुरं होती? मला उत्तर ठाऊक नाही, पण अंदाज आहे. घरटी एक बैलजोडी, एक-दोन गायी, वासरं. प्रत्येक घराचं पान त्या त्या घराच्या गोठ्यात जायचं. एका पानावरचा भात चार-पाच तोंडांना घासभर मिळायचा. नांगराला पॉवर टिलर आला, माणसं मुंबईला गेली, गोठे रिकामे होत होत शेवटी तुमचा एक राहिला. पद्धत होती तशीच आहे, तिच्यामागची गुरं गेली. अकरा गोठ्यांचा वाटा आता एका तांबूच्या पुढे येतो. यात सासूबाईंचं चुकलं नाही आणि वाडीचंही नाही, फक्त हे गणित कुणी मांडून पाहिलं नव्हतं.

शब्दही बघा ना, गोग्रास. ग्रास म्हणजे घास. धर्माने गायीच्या वाट्याला घास ठेवला, भरलं पान नव्हे. पितरांचा अपमान होईल ही तुमची भीती मी हलकी समजत नाही, कारण माझ्याही घरी म्हाळ होतात आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास आला की मला माझी आई आठवते. पण गायीने घास घेतला की तो पोचला. बाकीचं पान तिने संपवलंच पाहिजे, असं मला तरी कुठल्या म्हाताऱ्या माणसाकडून ऐकलेलं आठवत नाही.

तुम्ही लिहिलेले दोन्ही मार्ग मला पटत नाहीत. माहेरी नेण्याचा तर नाहीच. नुकती उठलेली गाय टेम्पोत उभी करून न्यायची, तिथलं गवत वेगळं, पाणी वेगळं, म्हणजे कोटीपोटातले ते जीव जेमतेम सावरत असताना त्यांना दुसरा धक्का. खोटं बोलण्याने म्हाळ निघून जातील, पण दिवाळीत पाडव्याला गुरं सजवून ओवाळतील तेव्हा? शिमग्याला? दरवर्षी नवं आजारपण कुठून आणणार? आणि शेजारच्या वाडीत ज्या कुणाकडे एकुलती एक गाय उरली असेल, तिच्यापर्यंत तुमचा हा अनुभव पोचणारच नाही.

पान घ्या, ताई. दारात आलेलं पान हळदकुंकू लावून घ्या, गायीसमोर न्या, आणि त्यातला मुठीत मावेल एवढाच घास तिला द्या. सर्वपित्रीला अकराच्या अकरा घरांची पानं आली तरी सगळ्यांचं मिळून दोन ओंजळींच्या वर भात तांबूच्या पोटात जाता कामा नये. यंदा, ती दुखण्यातून उठते आहे तोवर, तिला एक शितही नको. घास थोरल्या गायीला द्या. तोही सकाळी पोटभर पेंढा-गवत खाल्ल्यावर, उपाशी पोटी नव्हे. एका वेळी एक, असे दिवसभरात थोडे थोडे. ज्या घरांचे म्हाळ आपापल्या तिथीला असतात त्यांची अडचण फारशी येणार नाही. खरी गर्दी अमावास्येलाच. उरलेलं अन्न कोंबड्यांना घाला, तेही बेताने, आणि बाकीचं खतखड्ड्यात पुरा. शेवटी ते मातीतच जातं, तुमच्याच माडांच्या मुळाशी.

वाडीला देण्यासारखं एक काम मात्र मागा. म्हाळांच्या दिवसांत बांधांवर गवत कमरेएवढं असतं. प्रत्येक घराने पानाबरोबर आपल्या बांधावरच्या गवताचा एक भारा आणावा. अकरा घरांचे अकरा भारे. ते एका दिवशी संपवायचे नाहीत, पडवीत पसरून सुकवायचे आणि पेंढ्यात मिसळून पुढे घालायचे. देणाऱ्याला द्यायचं समाधान हवं असतं, ताई, आणि ते द्यायला तुमच्याकडे जागा आहे. “नको” म्हणण्यापेक्षा “हे आणा” म्हणणं वाडीत फार सोपं जातं.

हे तुम्ही सांगू नका. सासूबाईंना सांगू द्या. त्याआधी एक करा. संध्याकाळी थोरली गाय शांत बसलेली असेल तेव्हा सासूबाईंना गोठ्यात न्या. डाव्या बाजूला शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्यामध्ये जो खळगा आहे, ज्याला आपण भकाळ म्हणतो, तिथे त्यांच्या हाताची मूठ जरा दाबून ठेवायला सांगा. आतून एक लाट येते आणि मूठ वर उचलली जाते. निरोगी गायीत दोन मिनिटांत दोन-तीन वेळा. ते कोटीपोट ढवळलं जाणं आहे. मग त्याच जागी तांबूला हात लावून पाहा, लाट कितपत जोरात येते ते कळेल. ज्या बाईने आयुष्यभर गुरं राखली तिच्या हाताला ते लगेच समजेल. माझ्या शब्दांपेक्षा तिच्या मुठीवर वाडी जास्त विश्वास ठेवेल.

नुसत्या गवत-पेंढ्यावर ठेवणं अन्याय आहे का, या तुमच्या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले. गायीला गूळ-भात आवडतो, हे खरं. ती नाही म्हणणार नाही, तिला खाणं थांबवता येत नाही. पण तिचं सुख कशात आहे ते पाहायचं तर दुपारी गोठ्यात बसा. पोट भरलेली गाय डोळे अर्धे मिटून बसते, मानेतून गोळा वर येताना दिसतो, जबडा एका लयीत फिरत राहतो, मग गिळते, दोन क्षण थांबते, की दुसरा गोळा. दिवसातले सहा ते आठ तास ती हे करते. त्यासाठी तिला लांब, चावावा लागणारा चारा हवा. पेंढा ही तिची शिक्षा नव्हे. हां, नुसत्या भाताच्या पेंढ्यात कस कमी असतो, तेव्हा हिरवं गवत, थोडी पेंड आणि क्षारमिश्रण हवंच. माया करायची तर तिथे करा.

दुसऱ्या कप्प्याबद्दलही लिहिते, कारण हे दिवस त्याच्या धोक्याचे आहेत. जाळीपोट आतून मधाच्या पोळ्यासारखं दिसतं आणि ते उदराच्या अगदी पुढच्या टोकाला असतं. त्याच्या आणि हृदयाच्या मध्ये एक पातळ पडदा, बस. गाय ओठांनी चाचपून खात नाही, जिभेने ओढून गिळते, त्यामुळे तार, टाचणी, खिळा तिला कळतच नाही. जड वस्तू या जाळीत येऊन पडते आणि पोट आवळलं की टोक पुढे सरकतं, कधी थेट हृदयाच्या आवरणात. गणपतीच्या हारांत आजकाल तार असते, मखराला टाचण्या असतात, पत्रावळीला कधी स्टेपलची पिन. निर्माल्य गुरांपुढे कधीही टाकू नका. प्लास्टिकची पिशवी याच्या उलट वागते. कोटीपोटातून पुढे जाण्याची वाट इतकी अरुंद की बारीक झालेला चाराच जातो. पिशवी बारीक होत नाही, कुजत नाही, ती तिथेच राहते, आणि वर्षानुवर्षं त्यांचा गठ्ठा वाढत जातो. म्हणून पान केळीचं किंवा वडाचं असेल तरच गोठ्याच्या दारात येऊ द्या.

इतर वाचकांनीही आपापल्या गोठ्याकडे पाहावं. वैशाखात फणस कापले की चारखंड आणि पिकलेले गरे पाट्या भरभरून गुरांपुढे रिकामे होतात. तीही साखरच आहे, आणि तिचाही परिणाम भातासारखाच. मिरगाचा पाऊस पडल्यावर आलेलं कोवळं लुसलुशीत गवत पहिल्या दिवशीच पोटभर चरू दिलं तर पोट फुगतं, शेण पातळ होतं. आधी घरी पेंढा घालून मग सोडा, आणि थोड्याच वेळात परत आणा. लहान वासराला पेज पाजण्याची सवयही सोडावी. जन्मलेल्या वासराचं कोटीपोट नावापुरतं असतं. चोखून प्यायलेलं दूध एका पन्हळीसारख्या घडीतून सरळ चौथ्या कप्प्यात जातं, तिथे ते घट्ट होतं आणि पचतं. पेजेसाठी त्या पोटात अजून काही तयारच नसतं. दूध, आणि दुसऱ्या आठवड्यापासून समोर मऊ सुकं गवत. गवत चघळता चघळताच त्याचं कोटीपोट वाढतं.

आणि कुठल्याही गायीने भात, पीठ, धान्य वाजवीपेक्षा जास्त खाल्ल्याचं कळलं, तर ती धडधाकट दिसत असली तरी वाट पाहू नका. समोरचं अन्न काढा, सुका पेंढा ठेवा आणि डॉक्टरांना किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. किती खाल्लं आणि किती वाजता खाल्लं, हे आधी सांगा. बाटलीने तेल, ताक, सोडा यातलं काहीही आपल्या मनाने ओतू नका. मान वर करून ओतलेलं श्वासनळीत गेलं तर कोटीपोटाचं दुखणं बरं होऊनही गाय फुफ्फुसाने जाते. असं मी पाहिलं आहे.

तांबूचे पुढचे दोन महिने जपा. पेंड लगेच पूर्ववत करू नका, मूठभरापासून हळूहळू वाढवा. या आजारानंतर काही आठवड्यांनी खुरांत दुखणं उतरू शकतं. पाय झाडून, वाकडी चालायला लागली, कडक जमिनीवर उभं राहायला टाळायला लागली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. रवंथ सुरू होऊनही भूक पूर्वीसारखी येत नसेल तर निरोगी जनावराच्या कोटीपोटातलं पाणी नळीने काढून तिला देता येईल का, ते विचारा. मी हे बैलाच्या पोटातलं पाणी घेऊन केलं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाय पेंढ्याकडे मान वळवते. मेलेल्या जिवांच्या जागी जिवंत जीव परत पेरायचे, एवढंच त्यात असतं.

सर्वपित्रीच्या संध्याकाळी गडबड संपली की थोरलीच्या भकाळीवर मूठ ठेवून दोन मिनिटं मोजा. आणि सासूबाईंनी किती लाटा मोजल्या, ते मला नक्की लिहून कळवा.